बेटकुळी

मुलगी वयात आली की घरातल्या बायकांच्या ते लगेच ध्यानात येते. चार गोष्टी समजावून सांगायला आई असते, मावशी असते. मुलगा मात्र एकटाच वयात येतो. एके दिवशी आवाज फुटतो, पँट आखूड होते, ओठावर मिसरूड दिसू लागते आणि स्वारी गुपचूप दंड वाकवून बेटकुळी काढून पाहते. ती फुगली तर ठीक. न फुगली तर? मोठ्यांना हा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण चौदा-पंधराव्या वर्षी त्याहून मोठा प्रश्न नसतो.

आमचे गाव आदिलाबाद जिल्ह्यात, पैनगंगेच्या काठी. पलीकडे महाराष्ट्र, अलीकडे तेलंगण. बोली दोन्हीकडे मराठीच. नववीत प्रार्थनेच्या रांगेत मी सर्वांत पुढे, म्हणजे सर्वांत बुटका. चुलतभाऊ माझ्याहून दोनच महिन्यांनी मोठा. पण तो कापसाचे गाठोडे डोक्यावर घेऊन सहज बैलगाडी गाठी, आणि मला निम्म्या वाटेत धाप लागे. वर्गाने माझे नाव 'काडीपहिलवान' ठेवले. सदरा काढावा लागतो म्हणून मी नदीवर पोहायला जाणेच सोडले. आजी म्हणे, "अरे, एका वावरातली ज्वारी तरी एकाच दिवशी निसवते का?" तेव्हा ती नुसती समजूत वाटे. पुढे जीवशास्त्र शिकताना कळले की आजीचे बोलणे शास्त्राला धरूनच होते.

मुलगे साधारण ९ ते १४ या वयात केव्हाही वयात येऊ लागतात. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी इशारा देते आणि वृषणांत टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक वाढू लागते. आधी हात-पाय लांबतात; स्नायू भरतात ते त्यानंतर, कित्येक महिन्यांनी. म्हणूनच मधल्या काळात मुलगा बांबूसारखा उंच आणि किडमिडीत दिसतो. काही मुलांची छातीही या काळात थोडी सुजते. बिचारे लाजेने मरतात. पण बहुतेकांची ही सूज आपोआप ओसरते. एकाच बाकावरच्या दोघांत चार-पाच वर्षांचे अंतर पडू शकते, आणि ते रोग नव्हे. मात्र चौदा वर्षे पूर्ण होऊनही काहीच बदल दिसला नाही, तर डॉक्टरांना विचारावे.

येथे खाशाबा जाधवांची आठवण होते. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकत होता. अंगकाठी लहान म्हणून त्याला क्रीडास्पर्धेत उतरू देण्यास आधी नकार मिळाला, असे सांगतात. त्याच खाशाबांनी १९५२ साली हेलसिंकीला ५७ किलो वजनगटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक! नुसत्या अंगकाठीवरून माणसाचे मोल करू नये, हेच खरे.

पण आजच्या मुलाला धीर कुठला? जिमच्या आरशात त्याला पंधरा दिवसांत दंड हवेत. मग डब्यातली पावडर येते आणि एखादा 'जाणकार' इंजेक्शनही सुचवतो. बाहेरून घेतलेल्या या संप्रेरकांनी हाडांच्या टोकांची वाढणारी कूर्चा वेळेआधीच मिटते, उंची कायमची खुंटते आणि वृषणांचे कामही मंदावते. उलट जोर-बैठकांनी उंची खुंटते, हा जुन्या लोकांचा समज निराधार आहे. जाणत्याच्या देखरेखीखाली बेताने केलेला व्यायाम, भाकरी आणि तुरीचे वरण, शेंगदाणे, दूध, जमल्यास अंडी आणि पोटभर झोप एवढे पुरते. वाढीचे संप्रेरक गाढ झोपेतच अधिक स्रवते.

सतराव्या वर्षी माझी उंची भराभर वाढली. पहिलवान मी झालो नाही. सदरा काढायची लाज मात्र गेली. मित्रहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आठवी-नववीतला धाकटा भाऊ असेल. त्याला हसू नका. सुट्टीत घरी गेलात की त्याला जवळ बसवून या चार गोष्टी सांगा. वडील त्या बोलणार नाहीत आणि तो स्वतः तर कधीच विचारणार नाही.