पाण्याची पाटी

तर झालं असं, की मार्चमधल्या एका रविवारी सोलापूरहून ताईचा फोन आला. ताई प्राथमिक शाळेत शिक्षिका, नोकरीला सव्वीस वर्षं झाली. "अरे, आम्ही पाच जणी मे महिन्यात बीजिंगला चाललोय. भिशीतून पैसे जमवलेत. तू राहिलायस ना तिकडे? माहितीपत्रक पाठवते, बघून सांग."

पत्रकावर लिहिलं होतं, 'खास शिक्षकांसाठी सांस्कृतिक अनुभव'. एका दिवसात चहा, सुलेखन, कागदी कातरकाम, डंपलिंग, ताई-ची आणि शेवटी रेशमी पोशाखात फोटो. पहिल्यांदा वाटलं, वा, पैसे वसूल! मग आठवलं, 2018 मध्ये प्रोजेक्टसाठी बीजिंगला होतो तेव्हा असाच एक दिवस मीही विकत घेतला होता. सुलेखनाला चाळीस मिनिटं. माझं अक्षर बिघडलं, तर बाईंनी हसून एक छापील नमुनाच हातात ठेवला. तो आता कुठे आहे देव जाणे.

खरं शिकलो ते बागेत. बीजिंगचं स्वर्गमंदिर 1420 साली बांधून झालेलं, त्याभोवती प्रचंड मोठी बाग. सकाळी तिथे निवृत्त मंडळी लांब दांडीचा स्पंजचा ब्रश पाण्यात बुडवून फरशीवर अक्षरं काढतात. याला 'दीशू' म्हणतात, म्हणजे जमिनीवरचं लेखन. ऊन असलं की काही मिनिटांत सगळं वाळून साफ. कंट्रोल-झेडची गरजच नाही! तिथल्या एका आजोबांनी सलग नऊ शनिवार माझ्याकडून एकच अक्षर काढून घेतलं, 'योंग'. अर्थ 'कायमचं'. सुलेखनातले आठ मूळ फटकारे या एका अक्षरात येतात म्हणे. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला चिनी. चुकलं की "बू दुई" म्हणायचे आणि बोटाने तीच जागा दाखवायचे. नवव्या शनिवारी "हाओ" म्हणाले. प्रमोशनचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

तेव्हा ताईला म्हटलं, कुठलाही अनुभव निवडताना तीन गोष्टी बघ. तिथे चुकायला वेळ आहे का? तोच शिकवणारा उद्या पुन्हा भेटेल का? आणि पाहुणे नसतानाही तो हे करतो का? पॅकेज सोडा. चार सकाळी बागेत जा आणि एक दिवस शिच्याच्वांगला.

शिच्याच्वांग का, हे सोलापूरकरांना सांगायला नको. 1938 मध्ये चीनला गेलेले आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1942 मध्ये वयाच्या 32 व्या वर्षी चीनमध्येच वारले, त्यांची समाधी त्या गावात आहे. रुग्णांशी बोलता यावं म्हणून ते चिनी शिकले होते. त्यांच्या शिकण्यात फोटोसाठी पोशाख वगैरे नव्हता.

ताई म्हणाली, "एवढा खर्च करून बागेत जायचं? बाकीच्या मला खातील रे!" मी फोनवर ऐटीत म्हटलं, माझ्यावर सोड. रात्री मात्र झोप नाही. पाच जणींची भिशी होती ती, माझा बोनस नव्हे.

परत आल्यावर ताईने सांगितलं. पहिल्या दिवशी दोघी रुसून बाकावर बसल्या. तिसऱ्या दिवशी एका आजींनी ताईचा हात धरून अक्षर गिरवून घेतलं. "हात थरथरत होता रे माझा. सव्वीस वर्षं मी पोरांचा हात असाच धरतेय. तो किती दाबला जातो, हे मला माहीतच नव्हतं."

रुसलेल्या दोघी? शेवटच्या दिवशी त्याच बागेतून निघेनात.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. ताईने पहिलीच्या पोरांना अंगणात नेलं, बादलीभर पाणी आणि रंगाऱ्याचे जुने ब्रश दिले आणि फरशीवर 'अ' काढायला लावला. म्हटलं, फोटो पाठव की.

म्हणाली, "घेईपर्यंत वाळलं."