ओळंबा

होळीच्या सुमारास आई म्हणाली, "अरे, माजघराच्या दाराची चौकट मधेच वाकलीय बघ." घर जुनं, वाळवी पाचवीला पुजलेली. मी सुताराला बोलावलं. त्यानं ओळंबा सोडून दोनदा पाहिलं. "चौकट सरळ हाय, साहेब. कुणी सांगितलं तुमास्नी?" मी आईकडं पाहिलं, आई चौकटीकडं पाहत होती. सुताराला चहा पाजला, शंभर रुपये दिले. चौकट सरळ असेल, तर वाकलंय काय, हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नाही. ही २०१६ ची गोष्ट.

आईचं वय त्र्याहत्तर, म्हणजे मोतीबिंदू, हे मीच ठरवून टाकलं. ऑपरेशन दिवाळीनंतर, थंडीत करू म्हटलं. तोवर मेडिकलवाल्यानं दिलेल्या ल्युटीनच्या गोळ्या सुरू केल्या. ल्युटीन, जस्त वगैरेंच्या ठरावीक मात्रेनं डोळ्याच्या पडद्याचा, वयोमानानं होणारा, मध्यम टप्प्यातला आजार पुढं सरकण्याचा धोका कमी होतो, गेलेली नजर मात्र परत येत नाही. पण त्या डबीनं मला काहीतरी केल्याचं समाधान दिलं. आई पोथी वाचायचीच. उजवा डोळा धडधाकट असल्यानं डाव्याची खोट झाकली जायची. "एकेक डोळा झाकून बघ" एवढं सांगायला काही डॉक्टर लागत नव्हता.

ऑगस्टमध्ये दवाखान्यात गेलो. मोतीबिंदू किरकोळच निघाला. दुखणं पडद्याच्या मध्यभागी, मॅक्युलात होतं. वयोमानानं होणारा आजार, त्यातला ओला प्रकार. पडद्याखाली नको त्या रक्तवाहिन्या वाढतात, त्यांतून पाणी आणि रक्त झिरपतं, आणि सरळ रेघ वाकडी दिसू लागते. त्या वाहिन्यांना वाढवणारं प्रथिन अडवायचं, तर औषध इंजेक्शननं थेट डोळ्यात द्यावं लागतं.

डॉक्टरांनी दोन औषधं सांगितली. रॅनिबिझुमॅब डोळ्यासाठीच बनवलेलं, महाग. बेव्हासिझुमॅब मुळात आतड्याच्या कॅन्सरचं, पण जगभर डोळ्यात वापरलं जाणारं, बरंच स्वस्त. अमेरिकेत २०११ साली दोन्हींची तुलना झाली तेव्हा नजरेच्या बाबतीत फरक दिसला नव्हता, हेही त्यांनी सांगितलं. मी हटून बसलो. २०१६ च्याच जानेवारीत गुजरातेतल्या काही रुग्णांना त्रास झाल्यावर औषध नियंत्रकांनी या स्वस्त औषधाबद्दल इशारा दिला होता, तो मी वाचला होता. मार्चमध्ये तो मागे घेतला गेला, ती बातमी नजरेतून सुटली. "आईच्या डोळ्यात कॅन्सरचं औषध घालणार नाही," असं मी मोठ्या आवाजात म्हणालो. बाहेरच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्या घाबरून उठल्या, हे आठवलं की आजही मान खाली जाते. मग महागड्या औषधासाठी ठेव मोडायची का, बहिणीकडून घ्यायचे का, या घोळात तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत डोळा काही थांबून राहिला नव्हता.

महिन्याला एक अशी तीन इंजेक्शनं झाली. तक्त्यावरच्या दोन ओळी आई जास्त वाचू लागली. डॉक्टर म्हणाले, "पाणी सुकलंय, पण दर महिन्याला दाखवत राहा." यातलं 'सुकलंय' तेवढं मी घरी आणलं.

त्याच नोव्हेंबरात नोटाबंदी झाली. मी बँकेत कॅशियर. रात्री दहाला घरी यायचो. डिसेंबरची तारीख हुकली, जानेवारीचीही. खापर नोटाबंदीवर फोडणं सोपं आहे, पण आईला नेऊन आणायला भाचा घरातच होता. मी त्याला तारीख सांगितलीच नाही, कारण आई बरी झाली असं मी मानून बसलो होतो. तिनं दोनदा विचारलंही. "गर्दी ओसरू दे," एवढंच मी म्हणालो.

फेब्रुवारीत डाव्या डोळ्यात रक्त उतरलं. पुढं इंजेक्शनं दिली, पण पडद्यावर व्रण राहिला. त्या डोळ्यानं आईला माझे कान दिसतात, चेहरा नाही. तिनं मला एका शब्दानं बोल लावला नाही; लावला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या डोळ्यालाही धोका असतो, म्हणून डॉक्टरांनी चौकटी आखलेला कागद दिला. तो तिनं देवघरात ठेवून दिला आणि रोज सकाळी चहाआधी डावा डोळा हातानं झाकून माजघराच्या दाराकडं पाहायला लागली. २०१९ च्या श्रावणात एक दिवस ती नेहमीपेक्षा जास्त वेळ पाहत राहिली. "वरच्या बाजूला जरा हललीय," म्हणाली. मी बँकेत फोन करून रजा टाकली. साडेदहाला तिच्या उजव्या डोळ्यात बाहुली मोठी करणारे थेंब पडले होते.