पावागड आणि आमची धाकटी

बडोदेकर मराठी माणसाला पावागड परका नाही. शहरापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर, सपाट मुलखातून हा डोंगर एकाएकी उभा राहतो. माथ्यावर कालिकामाता, पायथ्याशी चांपानेरचे अवशेष. १४८४ साली महमूद बेगड्याने दीर्घ वेढ्यानंतर गड जिंकला व चांपानेरास राजधानी वसविली. १५३५ साली हुमायूनने ती घेतली आणि नगरी ओस पडत गेली. पुढे गड शिंद्यांकडे आला. १८०३ साली इंग्रजांनी तो घेतला, पण वर्षभरात शिंद्यांना परत द्यावा लागला. २००४ पासून हा परिसर जागतिक वारसा म्हणून गणला जातो.

गेल्या हिवाळ्यात ऐंशी ओलांडलेल्या आईने देवीच्या दर्शनाचा ध्यास घेतला. बरोबर मी आणि धाकटी बहीण. 'धाकटी' हा शब्द आमच्या घरी केवळ वयापुरता खरा आहे. मी पंधरा वर्षांचा असतानाच, दोन वर्षांनी लहान असलेली ही माझ्या डोक्यावरून पलीकडचे पाहू लागली होती. पाहुणे हटकून विचारीत, "यांच्यात थोरलं कोण?" मी मान खाली घाली. आई तिच्या लग्नाच्या काळजीने म्हणे, "पोरी, चारचौघांत जरा वाकून चालत जा." राजरत्न माणिकरावांच्या या शहरात बळाचे कौतुक पुष्कळ, पण ते मुलाच्या दंडावरच शोभते, अशी घरोघरची समजूत. ती मात्र ताठच चालली, कबड्डी खेळली आणि पुढे व्यायामशिक्षिका झाली.

माचीपर्यंत मोटार, तेथून रोपवे. रोपवे १९८६ साली सुरू झाला. त्यापूर्वी आम्ही सारी वाट पायी चढत असू. परंतु रोपवेचे वरचे स्थानक सोडल्यावरही मंदिरापर्यंत पायऱ्या उरतातच. थोड्याच पायऱ्या चढून आई मटकन खाली बसली. "इथूनच हात जोडते," म्हणाली. तिचे डोळे मात्र शिखरावरच्या ध्वजाकडे लागले होते.

बहिणीने पदर खोचला. "दादा, ओटीचं ताट तू धर," एवढेच म्हणून ती आईपुढे पाठमोरी बसली आणि तिला पाठुंगळी घेऊन उठली. लोक थांबून पाहू लागले. एका यात्रेकरूने माझ्याकडे प्रश्नार्थक नजर टाकली. थोरल्या मुलाच्या हाती ताट आणि मुलीच्या पाठीवर आई! लहानपणची ती मान खाली घालण्याची सवय क्षणभर जागी झाली. पण ताटातला नारळ घरंगळू लागला, तो सावरण्यात ती विरून गेली.

चढताना बहीण भाराने किंचित पुढे झुकली, तशी पाठीवरून आई म्हणाली, "अगं, वाकू नकोस. मला देऊळ दिसत नाही."

बहीण हसली आणि पुन्हा ताठ झाली. मी दोन पायऱ्या मागे राहून, आईचा पाय कठड्याला लागू नये एवढे पाहत, ताट सांभाळीत चढत राहिलो.