साठ दिवस, चार शॉकअप

‘शॉकअप’ हा शब्द तुम्हाला कुठल्याही इंग्रजी डिक्शनरीत सापडणार नाही. पण पुण्यातल्या कुठल्याही गॅरेजसमोर दहा मिनिटं उभे राहा, ‘मॅडम, शॉकअप गेलेत’ हे वाक्य कानावर पडणारच. शॉक अ‍ॅब्झॉर्बर असं लांबलचक म्हणायला वेळ कुणाला आहे? आमच्या घरात तर हा शब्द जरा जास्तच चालतो, कारण बाबा एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून रिटायर झालेत. लोकांच्या घरी जेवताना क्रिकेटवर वाद होतात, आमच्याकडे पाट्यांवर. पाटे म्हणजे बसखालच्या लोखंडी पट्ट्या, वरवंट्याबरोबरचे नव्हेत!

असो. एप्रिल २०२३ मध्ये मी दादाकडे गेले, कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला. तिकीट डिसेंबरातच काढून ठेवलेलं. मी पोचले तोपर्यंत दादाची नोकरी जाऊन पंचवीस दिवस झाले होते. त्या सीझनला तिकडच्या आयटीत धडाधड माणसं कमी होत होती, त्यात त्याचाही नंबर लागला. एच-वन-बी व्हिसावर असणाऱ्याला अशा वेळी जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. तेवढ्यात नव्या कंपनीने तुमच्यासाठी अर्ज दाखल करायचा, नाहीतर दुसऱ्या कुठल्या तरी स्टेटससाठी अर्ज करा, नाहीतर बॅगा भरा. वहिनीने फ्रिजवर कॅलेंडर लावून रोज एक चौकोन खोडायला सुरुवात केली होती. घरात कुणीही त्या कॅलेंडरबद्दल बोलायचं नाही, आणि पाणी घ्यायला गेलं की प्रत्येक जण ते बघायचा.

आणि गॅरेजमध्ये उभी होती ती. १९९५ची माझ्दा मियाटा. लाल, दोन सीटची, छप्पर उघडणारी, दिवे लावले की बेडकासारखे डोळे वर येणारी. दादाने ती २०१९ मध्ये सेकंडहँड घेतली होती. ही गाडी पहिल्यांदा १९८९च्या फेब्रुवारीत शिकागोच्या ऑटो शोमध्ये दाखवली गेली, आणि तेव्हा असल्या छोट्या उघड्या स्पोर्ट्‌स कार बाजारातून जवळपास गायब झाल्या होत्या. ब्रिटिशांनी हा प्रकार गाजवला आणि सोडून दिला, जपान्यांनी तो उचलला आणि नीट चालेल असा बनवला. माझ्दाच्या इंजिनिअरांचा फंडा होता ‘जिन्बा इत्ताई’, म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. वजन साधारण एक टन, पुढे-मागे जवळजवळ निम्मं निम्मं. चारही चाकांना वर-खाली दोन-दोन त्रिकोणी हात, ज्याला डबल विशबोन म्हणतात. त्या किमतीच्या गाडीत एवढी मेहनत म्हणजे चैनच. फक्त दादाच्या गाडीत त्या मेहनतीचा पत्ता लागत नव्हता, कारण शॉकअप खलास होते.

गॅरेजच्या भिंतीला टेकवून खोके ठेवले होते. आत चार नवे पिवळे कोनी, नोकरी जायच्या तीन आठवडे आधी मागवलेले. परत करायची मुदत आणखी आठ दिवस होती.

“ते खोके परत कर,” वहिनी म्हणाली. ओरडून नाही, भाजी चिरताना.

तिचं काय चुकत होतं? सातशे-आठशे डॉलरचा मामला, आणि घरात पगार शून्य. मी स्वतः फ्रीलान्सर. तीन-तीन महिने चेकची वाट बघणाऱ्या माणसाला ही भाषा वेगळी शिकवावी लागत नाही. दादाचं म्हणणं होतं की गाडी विकायची वेळ आली तर निदान धड करून विकू. हे अर्धंच खरं होतं हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. खरं उरलेलं अर्धं असं की रोज सकाळी साडेआठला लॅपटॉप उघडून अर्ज टाकायचे, दुपारपर्यंत ‘अनफॉर्च्युनेटली’ने सुरू होणाऱ्या दोन मेल वाचायच्या, आणि संध्याकाळपर्यंत आपल्या हातून काही म्हणजे काहीही पुरं झालेलं नसायचं.

मी खोक्यांच्या बाजूने मत दिलं. का ते सांगते, त्यासाठी थोडं टेक्निकल सहन करा.

लोकांना वाटतं शॉकअप गाडीचं वजन पेलतो. चूक! वजन पेलते स्प्रिंग. पण स्प्रिंगला थांबणं माहीत नसतं. खड्ड्यात दाबली की उसळणार, पुन्हा दाबली जाणार, पुन्हा उसळणार. शॉकअपचं काम तिला शांत करायचं. त्याच्या आत तेल असतं. दांडा वर-खाली झाला की ते तेल बारीक भोकांतून पलीकडे ढकललं जातं, आणि उसळीची ताकद उष्णता होऊन निघून जाते. आतलं सील गेलं की तेल झिरपतं, भोकं रिकामी, स्प्रिंग मोकाट. दादाच्या गाडीचा पुढचा कोपरा हाताने दाबून सोडला तर तो वर येऊन तिथेच बसायला हवा होता. तो डुलत राहायचा. आणि ८८० नंबरच्या फ्रीवेवरच्या काँक्रीटच्या जोडांवरून जाताना तर गाडी घोड्यासारखी दुडक्या चालीने चालायची. जपानी इंजिनिअरांना हा घोडा नक्कीच अभिप्रेत नव्हता!

वळणावर खड्डा आला की चाक क्षणभर रस्ता सोडायचं. चाक हवेत म्हणजे त्या क्षणी ना ब्रेक, ना स्टिअरिंग. ही गाडी दादा चालवत होता, आणि विकली तर दुसरं कुणीतरी चालवणार होतं. म्हणून माझं मत खोक्यांना.

इथे आपल्याकडच्या पोरांना एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. गाडी ‘लो’ दिसावी म्हणून ग्राइंडरने स्प्रिंगचे वेढे कापणारे महाभाग माझ्याही ओळखीत आहेत. त्याने गाडी खाली येते हे खरं, पण दांड्याला खाली जायला जागाच उरत नाही. मग प्रत्येक स्पीडब्रेकरला गाडी बंप स्टॉपवर आदळते. बंप स्टॉप म्हणजे दांड्यावरचा शेवटचा रबरी तुकडा, तो शेवटचा आधार असतो. मियाटात ही जागा मुळातच कमी, त्यात छप्पर नसल्याने सांगाडा थोडा पिळला जातो. अशा गाडीला दगडासारख्या स्प्रिंगा लावल्या तर चाकाऐवजी गाडीच थरथरते. काचेची चौकट, दारं, डॅशबोर्ड, सगळं भजनी मंडळ. दादाने कंपनीच्याच स्प्रिंगा ठेवल्या, शॉकअप चांगले घेतले, वरची रबरं आणि बंप स्टॉप नवे. मला हा शहाणपणा भारी आवडला. दिसायला काहीच बदललं नाही, फोटो टाकण्यासारखं काही नाही.

वहिनी शेवटी म्हणाली, “दोन दिवस. शनिवारी गॅरेजमध्ये कुणी दिसायला नको.”

बेकार माणसाला वीकेंड कशाला हवा? गुरुवारी सकाळी आठला सुरुवात केली. तिकडे पुण्यात रात्रीचे साडेआठ, बाबा जेवून व्हिडिओ कॉलवर हजर. गाडी जॅकने उचलून चार स्टँडवर ठेवली. पुढच्या शॉकअपचे वरचे नट बॉनेटखाली, मागचे डिकीत. पुढे एक लांबलचक बोल्ट आहे, वरच्या हाताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. तो काढला की सगळं बाजूला होतं. बर्फ पडतो तिथे रस्त्यावर मीठ टाकतात आणि असले बोल्ट गंजून बुशात चिकटून बसतात. फ्रीमाँटला तो प्रश्न नाही. तरी मागच्या उजव्या बोल्टने आमचा दीड तास खाल्ला.

स्प्रिंग दाबायचं हत्यार मात्र मी लांबूनच बघितलं. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणसाला घेऊन जाते, आणि बाबांनी ते चार वेळा सांगितलं. जुना शॉकअप मोकळा झाल्यावर दादाने कॅमेऱ्यासमोर त्याचा दांडा दाबला. तो आत गेला आणि आतच राहिला.

“मेलाय,” बाबा म्हणाले. “केव्हाच मेलाय. आणि तू यावर हायवेला जात होतास?”

साडेअकराला फोन वाजला. रिक्रूटर. दादा ग्रीसने माखलेल्या हाताने फोन खांद्यात धरून वीस मिनिटं बोलला, एका बादलीवर बसून. आधीचे सगळे इंटरव्ह्यू तो इस्त्रीच्या शर्टात द्यायचा. मी गोटी पाना हातात धरून श्वास रोखून उभी. फोन ठेवून तो म्हणाला, “सोमवारी पुढचा राउंड,” आणि पाना मागितला.

शुक्रवारी चारही बसले. दादा शेवटचे बोल्ट आवळायला निघाला तेव्हा बाबा जवळजवळ ओरडले, “थांब! हवेत आवळू नकोस.” बुश रबराचा असतो. चाकं लोंबकळत असताना बोल्ट घट्ट केला, तर गाडी खाली आल्यावर तो रबर कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. म्हणून चाकांखाली लाकडी ठोकळे ठेवून गाडी स्वतःच्या वजनावर उभी केली आणि मग आडवं पडून आवळलं. हे दादाच्या मॅन्युअलमध्येही होतं. पण मॅन्युअल ओरडत नाही.

अलाइनमेंट बाहेरून करून घेतली, कारण हात हलवले की चाकांचे कोन बदलतातच. कोनीच्या वरची मूठ फिरवून स्प्रिंगची उसळी कमी-जास्त अडवता येते. दादाला कडक हवं होतं, मी नरमच्या बाजूची. अर्ध्या फेरीवर तडजोड झाली.

मग नाइल्स कॅन्यन. घरापासून जवळच, नाल्याला धरून जाणारा वळणावळणाचा रस्ता. त्याच नाइल्सच्या स्टुडिओत चार्ली चॅप्लिनने १९१५ मध्ये काम केलं होतं. छप्पर खाली घेण्याआधी मागच्या प्लॅस्टिकच्या काचेची चेन उघडावी लागते, नाहीतर काच मोडते. हे काम माझं. हिवाळ्याच्या पावसाने रस्त्याला ठिगळं पडली होती. पहिल्याच वळणावर एक ठिगळ आलं, चाक खाली गेलं, वर आलं, बास. पुन्हा काही नाही. दादा काहीच बोलला नाही. गियर बदलत राहिला, आणि सुनोलपर्यंत आम्हा दोघांच्या तोंडून कंपनीचं नाव निघालं नाही.

रविवारी वहिनी पहिल्यांदाच त्यात बसून भाजी आणायला गेली. परत आल्यावर म्हणाली, “कोथिंबीर सांडली नाही.” आणि कॅलेंडरवरचा चौकोन खोडला.

पुढचं थोडक्यात. सोमवारच्या राउंडनंतर आणखी तीन राउंड झाले. पगार आधीपेक्षा कमी, कंपनी छोटी. चोपन्नाव्या दिवशी त्यांच्या वकिलाने अर्ज दाखल केल्याची मेल आली. वहिनी बराच वेळ बाथरूममध्ये होती. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते, आम्ही विचारलं नाही. गाडी विकायचा विषय त्यानंतर निघाला नाही, सांगाड्याला खालून पट्ट्या मारायचा दादाचा पुढचा प्लॅन मात्र वहिनीने जागच्या जागी रद्द केला.

त्याच रात्री पुण्याला फोन लावला. दादाने बातमी सांगितली. बाबा पलीकडे गप्प. आम्हाला वाटलं लाइन गेली.

“ऐकलं,” ते म्हणाले. मग घसा साफ केला. “शंभर किलोमीटर झाल्यावर बोल्ट पुन्हा एकदा आवळलेस का?”