पाचवी तार आणि तुझं मनगट

रोआनोक, व्हर्जिनिया
रविवार सकाळ

प्रिय सई,

बँजो शिकायचा म्हणतेस, हे वाचून मला किती आनंद झाला ते समोर असतीस तर तुला दिसलं असतं. पण मेसेजच्या शेवटी तू लिहिलंस, 'हलका आणि स्वस्तातला कुठलाही सुचव, नाहीतरी मी सोडूनच देईन.' हे वाक्य मला फार लागलं गं. असं आधीच ठरवून कुणी शिकायला बसतं का? सतारीचं तुझ्या मनातून अजून गेलेलं नाही, दुसरं काय. त्या सतारीची जवारी बसली होती, पडदे हलत होते, आणि बोल मात्र तुझ्या हाताला लागला. ते सगळं इथे उगाळत नाही, पण या पत्रात ते सारखं मध्ये येणार.

आधी तू पाठवलेल्या लिंकबद्दल. तो संच घेऊ नकोस. पिशवी, स्टँड, नख्या, ट्यूनर सगळं एका खोक्यात येतं खरं, पण तो रेझोनेटरचा बँजो आहे, म्हणजे मागून लाकडी झाकण लावलेला. झाकणामुळे आवाज पुढे फेकला जातो. मंचावर फिडल आणि मँडोलिनच्या बरोबरीने अर्ल स्क्रग्जच्या तीन बोटांच्या पद्धतीने वाजवायचं असेल तर तो हवाच. त्यातल्या भारी बँजोत कातड्याखाली धातूचं जाड कडं असतं, ते एकटंच ३ पौंडांच्या आसपास, आणि सगळं वाद्य १० ते १२ पौंड भरतं. तुला कशाला ते? गॅलॅक्सच्या मेळ्यात तंबूबाहेर त्या आजी वाजवत होत्या आणि तू माझा हात सोडून गवतात मांडी घालून बसलीस, आठवतं ना? त्यांच्या मांडीवर ओपन-बॅक होता, मागून उघडा. नखाच्या पाठीने तार खाली मारायची आणि अंगठ्याने आखूड तार छेडायची, याला क्लॉहॅमर म्हणतात. तुझ्या कानात तेच बसलंय, मला ठाऊक आहे. मग ओपन-बॅकच घे.

आणि तारा पाचच. दुकानात चार तारांचा टेनर शेजारीच टांगलेला असेल, सहा तारांचाही असेल, तो गिटारसारखा लावतात. 'हा सोपा पडेल' म्हणून तुला कुणीतरी सहाचा दाखवेल, त्याचं ऐकू नकोस. पाचव्या तारेची खुंटी वर डोक्याला नसते, पाचव्या पडद्यापाशी दांडीच्या कडेला असते. ती तुझी चिकारी समज. सुरात लागली की अंगठा आपोआप तिच्याकडे जायला लागतो आणि सगळी लय तिच्यावर उभी राहते. ती नसलेल्या बँजोवर तुला ते गवतातलं वाजवणं कधीच सापडायचं नाही.

नावं विचारलीस म्हणून दोन सांगते. डीअरिंगचा गुडटाइम कॅलिफोर्नियात बनतो. मेपलचं साधं कडं, आत धातूचं काही नाही, वजन ४ पौंडांच्या आसपास. नवा महाग वाटला तर वापरलेला बघ. लोक तो जपून ठेवतात आणि पुन्हा विकायचा झाला तरी किंमत फारशी पडत नाही. त्याहून बराच स्वस्त हवा असेल तर गोल्ड टोनचा एसी-१. त्याचं कडं लाकडाचं नाही, कॉम्पोझिटचं आहे. त्यावर नाकं मुरडणारे तुला भेटतील, मुरडू देत. नीट लावून घेतलेला एसी-१ आणि खोक्यातून तसाच काढलेला महागडा बँजो समोर ठेवले, तर नवशिक्याच्या हातात मी डोळे मिटून पहिला देईन.

इथेच माझं खरं म्हणणं आहे आणि ते तू शांतपणे वाच. बँजोची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या ताणावर नुसती उभी असते. ती चार-पाच मिलिमीटर जरी सरकली तरी वरच्या पडद्यांवरचा एकही सूर खरा लागत नाही. कातडं हल्ली प्लॅस्टिकचं असतं, भोवतीच्या आकड्यांनी ताणलेलं. ते ढिलं पडलं की घोडी खाली बसते आणि आवाज भद्द होतो. तारा पडद्यांपासून फार उंच असल्या की बोटं सोलवटतात आणि मनगट आखडतं. खोक्यातून आलेल्या स्वस्त बँजोत या तिन्ही गोष्टी बिघडलेल्या असू शकतात. शिकणाऱ्याला ते कळायचं कसं? तो रात्री बसतो, बेसूर ऐकतो, बोटं चोळतो आणि ठरवतो, आपल्याला काही येत नाही. मला याचा मनापासून संताप येतो सई. मुलांच्या हाती गळकी पेटी द्यायची, उतरलेल्या पुडीचा तबला द्यायचा, वर म्हणायचं, आधी येऊ दे, मग चांगलं घेऊ. अरे, ज्याला येतं तो वाईट वाद्यावरही निभावून नेईल. ज्याला येत नाही त्याच्याच वाद्यात खोट असता कामा नये! तुझ्या बाबतीत एकदा हे झालं, तेव्हा कुणी त्या सतारीकडे पाहिलंही नाही.

मुळात बँजो काही दुकानात जन्मलेला नाही. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी तो घडवला, सतारीसारखाच भोपळा, पण त्यावर कातडं आणि बिनपडद्यांची दांडी. सेनेगल-गांबियातल्या जोला लोकांच्या अकोंटिंगला आजही अंगठ्यासाठी एक आखूड तार असते. वजन नंतर आलं, मंच मोठे झाले तेव्हा. आमच्या या डोंगरांत तर लोक ग्राउंडहॉगचं कातडं ताणून घरी बँजो करत. वाजवणारा तो स्वतःच्या हाताने, स्वतःच्या हाताला जुळवून घेई. रिअ‍ॅनन गिडन्स आणि तिचे सोबती हे जुन्या वळणाचं वादन शिकायला नॉर्थ कॅरोलायनात मेबेनला जो थॉम्सन यांच्या घरी जायचे. म्हातारा फिडल वाजवी आणि ही मुलं समोर बसून उचलत. तिचं वाजवणं ऐक, म्हणजे कळेल तुला. पीट सीगरचं शिकण्याचं पुस्तकही मिळव, १९४८ मध्ये त्याने ते सायक्लोस्टाइल करून काढलं होतं, आजही उपयोगी आहे.

बघ, कुठच्या कुठे गेले. तू वजनाचं विचारलं होतंस.

हलका बँजो घेतलास की एक नवी अडचण येते, ती कुणी सांगत नाही. कडं हलकं आणि दांडी लांब, मग दांडी खाली झुकते आणि तिला सावरायला डावा हात धावतो. तुझं तेच दुखरं मनगट! म्हणून बसून वाजवतानाही पट्टा लाव, आकड्यांना अडकवून. लावल्यावर डावा हात पूर्ण सोडून बघ. दांडी जागच्या जागी राहिली पाहिजे. ती हलली तर ते वाद्य २ पौंडांचं असलं तरी तुझ्यासाठी जड आहे. हात पुरत नाही असं वाटलं तर आखूड दांडीचेही मिळतात, ते मागून वाजवून बघ.

शिकागोत आहेस तर खोकी कसली मागवतेस? लिंकन अ‍ॅव्हेन्यूवर ओल्ड टाउन स्कूल ऑफ फोक म्युझिक आहे, १९५७ पासूनचं. तिथे बँजोचे वर्ग असतात, दुकानही आहे. जा आणि सांग, घोडी, कातडं, तारांची उंची पाहून द्या. बाराव्या पडद्यापाशी तार ३ मिलिमीटरच्या आसपास हवी. तिथेच तार नुसती स्पर्शून वाजव आणि मग दाबून वाजव. दोन्ही सूर एक आले तर घोडी जागेवर आहे. तारा बदलताना एकेक बदल, सगळ्या एकदम काढल्यास तर घोडी पडेल आणि तू रडत मला फोन करशील.

मनगटाबद्दल डॉक्टर काय म्हणाले, ते तू लिहिलंच नाहीस. मागच्याही वेळी टाळलंस. रात्री अजून ठणकतं का? ठणकत असेल तर आधी मला खरं सांग, बँजो महिनाभर थांबेल. दुकानात गेलीस की व्हिडिओ कॉल लाव, बारावा पडदा मला दाखव आणि मगच पैसे दे. निम्मे मी आजच पाठवते आहे, नको म्हणायचं नाही. ताईला मी समजावते, तू बाबांना सांग.

तुझी
मंदामावशी