शब्दांची मोजदाद

भाषांतर करणाऱ्याला शब्द मोजण्याची सवय असते. पण त्या मोजणीवर तो फारसा विसंबत नाही. ज्या आशयाला इंग्रजीत चार शब्द लागतात, तो मराठी ‘घरातसुद्धा’ एवढ्या एकाच शब्दात सांगून मोकळी होते.

मुलांच्या बोलण्याची पारख हल्ली यंत्रेही करू लागली आहेत. अमेरिकेत ‘लीना’ नावाचे एक चिमुकले ध्वनिमुद्रक मुलाच्या बंडीच्या खिशात ठेवतात. मोठ्यांनी दिवसभरात किती शब्द उच्चारले, मुलाने किती वेळा आवाज काढला आणि उभयतांत बोलण्याची देवघेव किती झाली, याचा अंदाज त्यावरून मिळतो. अर्थ मात्र त्या यंत्राला कळत नाही. ऐकलेले लिहून काढणारी आजची कृत्रिम बुद्धिमत्ता पुष्कळ पुढे गेली आहे खरी. तथापि ती मुख्यत्वे प्रौढांच्या बोलण्यावर पोसलेली असल्याने मुलांचा उंच स्वर आणि बोबडे उच्चार यांपुढे अडखळते.

आमची तीन वर्षांची कन्या दिल्लीत वाढते आहे. घरी मराठी, शेजारी हिंदी. ‘आई, मला ठंडा पानी पाहिजे,’ असे ती सहज म्हणून जाते. फोनवरील अशाच एका चाचणीने तिचे केवळ मराठी शब्द मोजले आणि तिचे बोलणे वयाच्या मानाने मागे असल्याचे सांगितले. त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढे वाचातज्ज्ञ बाईंनी आधी तिचे कान तपासून घेतले, मग बाहुली घेऊन त्या तिच्याशी खेळत बसल्या आणि दोन्ही भाषांतले शब्द त्यांनी एकत्र मोजले. चिंतेचे कारण नव्हते. ‘पानी’ हिंदी असले, तरी ‘मला पाहिजे’ ही बांधणी अस्सल मराठी होती!

मग यंत्र त्याज्य मानावे काय? मुळीच नाही. ‘बोलेल हळूहळू’ असे म्हणता म्हणता मुलाला ऐकूच येत नाही हे उशिरा ध्यानात येते, असेही घडते. जेथे तज्ज्ञ गाठायला दिवसाचा प्रवास करावा लागतो, तेथे अशी चाळणी वेळीच इशारा देईल, तर तिचे उपकारच होतील. मात्र ती आपल्याच मुलांचे, मराठी, हिंदी, गोंडी, भिली बोलणे ऐकून विणलेली असावी.

आणि तिने इशारा दिलाच, तर आईबापांनी घाबरू नये, दुर्लक्षही करू नये. प्रथम मुलाचे कान तपासून घ्यावेत आणि मग ज्या ज्या भाषांत ते वावरते, त्या साऱ्यांची दखल घेणारा जाणकार गाठावा.