सराफाच्या पेढीवरील जादू

२०१३ साली नीरज पांडे यांचा ‘स्पेशल २६’ आला आणि वर्षअखेरीस ‘धूम ३’. दुसऱ्यात आमिर खान सर्कशीतील जादूगार होऊन शिकागोच्या बँका लुटतो. जादू आणि दरोडा यांची सोयरीक चित्रपटांना फार मानवते, कारण दोन्हींचे तंत्र एकच: नजर एका हाताकडे वळवायची आणि काम दुसऱ्या हाताने करायचे. ‘स्पेशल २६’मध्ये पहारा पेढीवर बसतो आणि माल कारखान्यातून जातो.

पुण्याच्या जादूगार रघुवीरांचे नाव ऐकत माझी पिढी वाढली. रंगमंचावरचा जादूगार आपले घड्याळ मागून घेतो, रुमालाखाली त्याचा चुरा करतो आणि शेवटी जसेच्या तसे परत देतो. चित्रपटात ते परत येत नाही, तरीही टाळ्या पडतात. त्यासाठी दिग्दर्शक आधी मंत्र्याच्या घरी खोटी धाड घालतो. पैसा काळा, म्हणून तक्रारही नाही. पुढे सराफाची पाळी येते तेव्हा आपण व्यापारी असूनही नकळत चोराच्या बाजूने बसलेले असतो!

मूळ घटना मार्च १९८७ ची, मुंबईच्या ऑपेरा हाऊस येथील त्रिभोवनदास भीमजी झवेरी यांच्या पेढीवरची. वर्तमानपत्रात जाहिरात देऊन एकाने २६ तरुण निवडले, सीबीआयची धाड म्हणून त्यांना पेढीवर नेले, दागिने ‘नमुने’ म्हणून सीलबंद केले आणि तो निघून गेला. आजवर सापडलेला नाही.

श्रावकाचे तिसरे अणुव्रत सांगते, अदत्त म्हणजे न दिलेले घेऊ नये. येथे तर माल पेढीनेच हाती दिला. पण दिला तो सरकारच्या नावाला, त्या माणसाला नव्हे. तत्त्वार्थसूत्रात या व्रताच्या अतिचारांमध्ये ‘प्रतिरूपक व्यवहार’ येतो, म्हणजे कृत्रिम सोन्यासारख्या नकली वस्तूंनी केलेला फसवा व्यवहार. बनावट ओळखपत्र मला त्याच जातीचे वाटते.

आपल्या पेठांतही ‘साहेब आले’ म्हटले की मुनीमजी उठून उभे राहतात. चहा आधी येतो. ओळखपत्र पाहू का, हे विचारायला जीभ रेटत नाही. हिशेब चोख असणाऱ्याचीही हीच गत. या खेळाला रुमाल लागला नाही, आपली भीती पुरली. मुलांना हा चित्रपट जरूर दाखवावा, पण मूळ हकिगतीसह.

त्या २६ जणांनी घरी नोकरी लागल्याचे सांगितले असेल. माल गेल्यावरही ते पेढीतच थांबून होते, साहेब परत येतील म्हणून.